छोट्या प्रदेशाचा नकाशा, आणि जायचं कुठून यावरचा वाद

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच मोहीम) ठरलं की खेळ चालवणाऱ्याचा पहिला हात जातो तो नकाशाकडे, आणि बरेच जण थेट अख्खं जग काढायला बसतात, पाच खंड, बारा राज्यं, राजांच्या वंशावळी वगैरे. त्यात मजा आहेच, नाही असं नाही. पण पहिल्या लेव्हलची पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या नवख्या पात्रांची टोळी, पायी निघणार, जवळ चार नाणी आणि एक दोरखंड, पुढचे कितीतरी सेशन ती एवढ्याशा तुकड्यातच फिरणार. म्हणून मी हल्ली तेवढाच तुकडा काढतो, साधारण नऊ हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं) रुंद आणि सात हेक्स उंच, आणि तो असा काढायचा की टेबलवर पसरला रे पसरला की प्लेअर्समध्ये जायचं कुठून यावर वाद सुरू झाला पाहिजे. माझ्या मते छोट्या नकाशाचं खरं काम तेच आहे, बाकी डोंगरांचं शेडिंग आणि कोपऱ्यातला कंपास नंतर सावकाश करता येतो.

स्केलपासून सुरुवात करू, कारण तिथे गडबड झाली की पुढचं सगळं हलतं. मी ६ मैलांचा हेक्स घेतो. हेक्सवर रानावनात फिरण्याची पद्धत तशी जुनीच, १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा आलं तेव्हा त्यातच सांगितलं होतं की जंगलातल्या प्रवासासाठी ॲव्हलॉन हिलच्या आउटडोअर सर्व्हायव्हल या गेमचा बोर्ड वापरा, आणि त्या बोर्डवर हेक्सच होते. ६ मैल का, तर हिशोब पटकन होतो म्हणून. त्याच गेमच्या पाचव्या एडिशनमध्ये नॉर्मल चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे चार हेक्स, सावकाश सावध चाललात तर १८ मैल म्हणजे तीन, घाई केली तर ३० म्हणजे पाच. घनदाट जंगल, दलदल, डोंगर असेल तर सगळं निम्मं. कॅल्क्युलेटर लागत नाही, बोटाने मोजायचं. आणि अजून एक गोष्ट मला फार आवडते, सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज दिसतं ते साधारण ३ मैलांवर, म्हणजे हेक्सच्या मधोमध उभं राहिलं तर मोकळ्या माळावर त्याच्या कडेपर्यंत दिसतं. प्लेअरने विचारलं 'आम्हाला काय दिसतंय?' की उत्तर तयार, हा हेक्स दिसतोय, पुढचा बघायचा असेल तर टेकडीवर चढा.

बरं हा हेक्स लहानही नाही हं. एका हेक्समध्ये ३१ चौरस मैलांच्या आसपास जागा असते, त्यात दोनतीन खेडी, एक पडकं देऊळ, एक गुहा आरामात मावते आणि तरी पार्टी शेजारून निघून जाईल तिला पत्ताही लागणार नाही. म्हणून नऊ बाय सात हा आकडा ऐकायला किरकोळ वाटला तरी खेळायला भरपूर होतो.

काढताना आधी पाणी. डोंगराची एक रांग टाकायची, वारा कुठल्या बाजूने येतो ते ठरवायचं, मग वाऱ्याकडच्या उतारावर पाऊस आणि दाट जंगल, पलीकडे पर्जन्यछायेत कोरडा माळ. एवढ्या एका निर्णयात अर्धा नकाशा आपोआप भरतो. नद्या खाली वाहत एकमेकींना मिळत जातात, उगाच मधेच फुटून दोन दिशांना जात नाहीत (समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर), आणि तळ्यात ओढे कितीही येऊ देत, बाहेर जाणारी वाट सहसा एकच असते. हे नियम जादूने मोडता येतात, नक्की मोडा, पण मग ती नदी उलटी का वाहते हा तुमच्या कॅम्पेनमधला एक प्रश्न झाला आणि त्याला उत्तर लागणार.

गाव कुठे बसवायचं हेही पाणीच सांगतं. दोन नद्यांचा संगम, नदी जिथे पायी ओलांडता येते ती उथळ जागा, समुद्राकडून वर येणाऱ्या बोटी जिथे थांबतात ती जागा, खिंडीच्या तोंडाशी जिथे खेचरं बदलावी लागतात ती जागा. बाजाराचं गाव किती अंतरावर असावं याचा एक सुंदर हिशोब तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधे ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावाने सापडतो. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरायचं, त्याचे तीन भाग करायचे, एक भाग जायला, एक खरेदीविक्रीला, एक उजेड असेपर्यंत घरी यायला, म्हणून दोन बाजार एकमेकांपासून साडेसहा मैलांहून जरा जास्त लांब हवेत, नाहीतर नवा बाजार जुन्याचं गिऱ्हाईक खातो. म्हणजे बघा, आपला एक हेक्स आणि वर थोडंसं! त्यामुळे वस्तीच्या भागात बाजारगावाला लागून असलेल्या हेक्समधला शेतकरी सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो, आणि त्याच्या पलीकडचा माणूस मुक्काम करतो. सराईत रात्री कोण भेटणार ते इथेच ठरलं.

आता मूळ मुद्दा, वाटा. सध्याच्या नकाशात संगमावर जुळेगाव आहे आणि डोंगरापलीकडे उलटा बुरूज नावाचा अवशेष, पार्टीला तिथे पोचायचंय. नदीकाठचा रस्ता वळसा घालून जातो, आठ हेक्स, म्हणजे दोन दिवस, मधे सराई, पण सरदाराची चौकी पण, आणि पार्टीतल्या रोगवर (Rogue, म्हणजे चोरटं पात्र) त्याच सरदाराने बक्षीस लावलंय. जंगलातून गेलं तर पाचच हेक्स, पण दिवसाला दोनच होतात म्हणून अडीच दिवस, कोणी बघत नाही, फक्त वाट चुकू शकते आणि शिधा जास्त लागतो. कोल्हेखिंडीतून तीन हेक्स, दीड दिवसात पोचाल, पण खिंडीवर वायव्हर्नचं (ड्रॅगनसारखा उडणारा राक्षस) घरटं आहे. वायव्हर्नचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो लढायला किती अवघड त्याचा आकडा, ६, पहिल्या लेव्हलला त्याच्याशी लढणं म्हणजे मरण, त्यामुळे रात्री चोरून जायचं, की बकरं बांधून त्याला दुसरीकडे गुंतवायचं, की तो नादच सोडायचा. तिन्ही वाटांची किंमत वेगळी आहे आणि एकही उघड उघड बरोबर नाही. एखादी वाट सगळ्या बाबतीत सरस निघाली तर बाकीच्या दोन काढण्यात अर्थच नाही, मग मी तिच्यावरचा पूल वाहून गेल्याचं दाखवतो किंवा दुसरीत काहीतरी घेण्यासारखं ठेवतो.

आणि राक्षस नकाशावर फक्त चिन्ह म्हणून चिकटवू नका प्लीज. त्या वायव्हर्नमुळे आजूबाजूची जमीन बदलली पाहिजे. खिंडीखालच्या कुरणात उत्तम गवत आहे पण एक मेंढरू चरताना दिसत नाही, खालची वाडी ओस पडलीये आणि तिथली माणसं जुळेगावच्या वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतायत, खिंडीतली फरसबंदी वाट शाबूत आहे पण फटींमधून झुडपं वर आलीत कारण कित्येक वर्षं तिथून गाडी गेलेली नाही. नदीकाठचा तो वळशाचा रस्ता सुद्धा त्यामुळेच नवा आहे, त्यावर चौकी बसवून सरदार श्रीमंत झालाय, आणि म्हणूनच वायव्हर्न मेलेलं त्याला नकोय. हे सगळं मी आधी कथा म्हणून लिहिलं नव्हतं, रस्ता सरळ खिंडीतून का जात नाही एवढंच स्वतःला विचारत गेलो आणि व्हिलन हातात आला.

प्लेअर्सना मात्र माझा नकाशा देत नाही. त्यांना मिळतो तो त्या जगातल्या कोणीतरी काढलेला, या वेळी एका म्हाताऱ्या मीठ व्यापाऱ्याचा. त्यात हेक्स नाहीत, अंतरं मुक्कामांमधे लिहिलीयेत, नदीकाठ बारकाव्याने काढलाय कारण तो तिथून आयुष्यभर फिरला, जंगल म्हणजे नुसती चार झाडं आणि 'जाऊ नये', आणि खिंड अजून चालू दाखवलीये कारण त्याच्या तरुणपणी ती चालू होती. त्यात जाणूनबुजून खोटं काही नाही, तो माणूस जेवढा फिरला तेवढंच त्यात आहे. पार्टी खिंडीत पोचून ती झुडपं बघेल तेव्हा नकाशा किती जुना आहे ते त्यांचं त्यांना कळेल, मला बोलून दाखवायला लागणार नाही.

टूल्सचं थोडक्यात सांगतो. इन्कारनेट आणि वंडरड्राफ्टमधे देखणे नकाशे होतात, हेक्ससाठी वर्ल्डोग्राफर चांगलं आहे. पण पहिला खर्डा मी छापलेल्या हेक्स पेपरवर पेन्सिलीनेच करतो, कारण स्क्रीनवर बसलो की मी वाटा सोडून झाडं लावत बसतो आणि संध्याकाळ जाते. साधारण एक तृतीयांश हेक्स मुद्दाम कोरे ठेवतो, फक्त जमिनीचा प्रकार लिहून, म्हणजे एखाद्या प्लेअरने बॅकस्टोरीत 'माझं गाव इथेच कुठेतरी' असं म्हटलं तर ते बसवायला जागा असते. सध्याच्या नकाशात आमच्या क्लेरिकचा (देवाच्या बळावर जादू करणारं पात्र) मठ असाच दलदलीच्या कडेच्या कोऱ्या हेक्समधे गेला, आणि मठ आला म्हणजे दलदलीतून एक बांधही आला, तिथून चौकी चुकवून जाता येतं. म्हणजे चौथी वाट झाली, आता तिची किंमत काय ठेवायची ते पुढच्या सेशनच्या आत ठरवायचंय.