नाशिकच्या वणव्यांचा धूर उपग्रहातून बघताना
फेब्रुवारी संपत आला की त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा हा सगळा पट्टा धुमसायला लागतो, कुठे भाताच्या रोपांसाठी राब (पालापाचोळा शेतात पसरून) भाजताना आग निसटते, कुठे कोणी मुद्दाम वाळल्या गवताला काडी लावतं, आणि इकडे शहरात लोक सकाळी म्हणतात आज काय धुकं पडलंय. अहो, मार्चमधलं ते धुकं बऱ्याचदा धूर असतो!

म्हणून या दिवसांत मी उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणारी नासाची फर्म्स साइट उघडूनच बसते. त्यावरचा लाल ठिपका म्हणजे आजूबाजूपेक्षा खूप जास्त तापलेली जागा. उपग्रहावरचा व्हिअर्स नावाचा सेन्सर जमीन ३७५ मीटरच्या चौकोनांत बघतो, त्यामुळे ठिपका दिसला म्हणजे तेवढं सगळं जळालं असं नाही, त्या चौकोनात कुठेतरी आग आहे एवढंच.

धूर बघायला मात्र नासाच्याच वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-फोटोंच्या साइटवर जायचं, दुपारचा फोटो लावायचा आणि ठिपके त्याच्यावर टाकायचे. धूर निळसर राखाडी दिसतो आणि ठिपक्यापासून वाऱ्याच्या दिशेने लांबत जातो, धूळ पिवळट तपकिरी असते. ढग आले की गोंधळ होतो, मग सेंटिनेल-५पी या युरोपच्या उपग्रहावरच्या ट्रोपोमी सेन्सरची मदत होते कारण तो अतिनील प्रकाश मोजतो आणि धूर, धूळ तो प्रकाश शोषून घेतात, ढग तसे शोषत नाहीत. २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपात गेला तो असाच उपग्रहांनी टिपला. पण ट्रोपोमीचा एक चौकोन साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, ब्रह्मगिरीच्या एका उतारावरचं पेटलेलं गवत त्यात हरवून जातं.

आणि हे नीट लक्षात घ्या, उपग्रह वरून खालपर्यंतची अख्खी हवा एकत्र मोजतो. धूर दोन-तीन किलोमीटर उंचावर असेल तर नकाशा भडक दिसेल आणि खाली हवा बरी असेल, उलट थंडीच्या रात्री थोडासाच धूर जमिनीलगत अडकला तर छातीत खवखव होते. त्यामुळे जमिनीवरच्या मॉनिटरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा आकडा सोबत बघायलाच हवा. २४ तासांसाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची १५. मी १५ चीच धरते, घरात लहान मूल आहे.

मला सगळ्यात जास्त खटकते ती वेळ. व्हिअर्सवाले उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि डोंगर पेटतात संध्याकाळी! दहा वाजेपर्यंत गवत जळून विझलं तर नकाशा कोराच राहतो, तिथली रोपं, घरटी, सरडे मात्र गेलेले असतात. आपला इन्सॅट उपग्रह दिवसभर बघत असतो पण त्याचा उष्णतेचा चौकोन ४ किलोमीटरचा, छोटी आग त्याला कळत नाही.

फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचे आगीचे एसएमएस फुकट मिळतात, रजिस्टर करून ठेवा. पण डोंगरावर ज्वाळा दिसली तर एसएमएसची वाट बघू नका, वनविभागाला १९२६ वर फोन लावा, जवळचं गाव आणि डोंगराची कुठली बाजू ते सांगा.