आवाज कोणाचा?

"भाऊ, मान एकाची, धड दुसऱ्याचं. मग आवाज कोनाचा येईन?"

दुपारी जळगावात आमच्या सुतारकाकांनी रंधा बाजूला ठेवत विचारलं. समोर माझी अर्धवट बास गिटार. मान एका मोडक्या बासची, पिकअप (तारांची थरथर पकडणारा भाग) भलत्याच बासचा. आणि धड आजोबांच्या घराच्या सागवानी दाराचं, दोन फळ्या एकावर एक चिकटवून केलेलं. कडीचं भोक अजून तिथेच आहे. ते मी बुजवू दिलं नाही.

मान खाचेत सैल बसत होती. काकांनी सागाचीच पातळ चिपाटी तासून बसवली. ब्रिज, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तो भाग, कुठे ठोकायचा, तर मी सांगितलं: नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाच) बाराव्या पट्टीपर्यंत (फ्रेटपर्यंत) १७ इंच, तिथून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते तिथवर, पुन्हा तेवढंच, जाड तारेला किंचित जास्त. काकांनी टेप घेतलाच नाही. दोरा नटवर धरला, बाराव्या पट्टीशी दुमडला, खूण केली. मी नंतर टेप लावला. बरोबर ३४!

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांची १९५१ची प्रिसिजन बासही स्क्रूने जोडलेल्या मानेचीच होती. म्हणून तर असे सुटे भाग एकत्र नांदतात.

संध्याकाळी एकच जाड तार चढवली, ई सुराची. अँपशिवाय छेडली. काकांनी फळीवर तळवा टेकवला, बराच वेळ काढला नाही.

"दार बोलून राह्यलं, भाऊ."

घरी आलो तरी तेच डोक्यात आहे. तुमच्याकडे जुन्या घराचं काय काय उरलंय? त्याचं काय केलंत?