भंडारदऱ्याचे शॉवर आणि काकूंची बादली

नळजोडणी आणि पाणीव्यवस्थेच्या कामात मला बरीच वर्षे झाली आहेत, तरीही मे महिन्यातला भंडारदऱ्याचा तो एक दिवस माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी मला माझीच निवड माझ्याच हातांनी उतरवावी लागली.

जलाशयाच्या वरच्या अंगाला, चढावर, एका तरुण शेतकऱ्याने पर्यटकांसाठी तंबू उभारले आहेत. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला येणाऱ्यांची तिथे रीघ लागते आणि नेमकी तेव्हाच त्याची विहीर तळाला गेलेली असते. समोर १९२६ सालच्या विल्सन धरणाचे पाणी चमकत असते आणि इकडे टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथे उभे राहून ऐकली की तिचा खरा अर्थ कळतो. आठ न्हाणीघरांसाठी पाणी आणि ऊर्जा वाचवणारे शॉवर सुचवा, असे त्याने मला सांगितले होते. मी नाशिकला बसून माहितीपत्रकावरून पाण्यात हवा मिसळणारे, मिनिटाला ९ लिटर पाणी देणारे शॉवर निवडले. साध्या शॉवरला १५ लिटरपर्यंत पाणी लागते, म्हणजे चाळीस टक्के बचत, असा माझा सरळ हिशेब होता.

बसवल्यानंतर चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला, “मॅडम, पाणी नुसतं ठिबकतंय. लोक डोक्याला साबण लावून हाका मारतात.”

मी सकाळीच पोहोचले आणि २० लिटरची बादली शॉवरखाली ठेवून घड्याळ लावले. बादली भरायला सात मिनिटे लागली. मग अडगळीत टाकलेला जुना, साधा झारा, म्हणजे शॉवरचे तोंड, परत चढवला, तर तीच बादली तीन मिनिटांत भरली. कारण माहितीपत्रकातच छापलेले होते, फक्त मी त्याला महत्त्व दिले नव्हते. ते ९ लिटर ३ बार दाबाला होते. इथे टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम तीन मीटर उंच होता आणि दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे इथला दाब ०.३ बार. दाब दहापट कमी झाला की प्रवाह साधारण तिपटीने घटतो. शिवाय हवा ओढून घ्यायलाही पाण्याला जोर लागतो. तो नसल्याने धार फुलतच नव्हती. ज्या १५ लिटरांशी मी तुलना केली होती ते त्या न्हाणीघरांत कधी वाहिलेच नव्हते. जुना झारा मुळातच साडेसहा लिटरांवर चालत होता.

दाब वाढवणारा पंप बसवू या, असे तो म्हणाला. मला ते पटले नाही. ऊर्जा वाचवण्यासाठी सुरू केलेल्या कामात विजेचे नवे यंत्र आणायचे, आणि वीज गेली की आठही न्हाणीघरे एकदम बंद, हे त्या गावात चालणारे नव्हते.

दुपारी स्वयंपाकघराच्या मागे त्याच्या काकू भांडी घासत होत्या. त्यांच्याजवळ ओळीने चार बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. हे पाणी कुठले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, ऊन पाणी येईस्तोवर अर्धी बादली गटारात जाती. म्या पाहुण्यांस्नी सांगून ठेवलंय, पहिलं पाणी बादलीत धरा. भांड्याला व्हतं.”

मी टेप घेऊन पाणी तापवणाऱ्या सोलरपासून न्हाणीघरांपर्यंतचे अंतर मोजले. सोलर स्वयंपाकघराच्या छतावर होता आणि तिथून एक इंची पाइप २४ मीटर धावत होता. एवढ्या पाइपात सुमारे १० लिटर पाणी मावते, म्हणजे काकूंची अर्धी बादली अगदी बरोबर. मध्ये थोडा वेळ गेला की ते सगळे थंड होते. ५५ अंशांवरून २५ अंशांवर आले तर सुमारे एक तृतीयांश युनिट उष्णता जाते, आणि पुढच्या माणसाला ते पाणी आधी सोडून द्यावे लागते. माझ्या शॉवरमुळे तर ही वाट तीन मिनिटांहून लांबली होती, त्यामुळे लोक नळ सुरू करून बाहेर गप्पा मारत उभे राहत. मी शॉवरच्या छिद्रांकडे पाहत बसले होते आणि पाणी पाइपात चालले होते. काकूंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात सोलर न्हाणीघरांच्या मागे लोखंडी घोडीवर हलवला. मुख्य पाइप चार मीटरांवर आला, तोही पाऊण इंची, वर फोमचे वेष्टण. झारे लहान चकतीचे, मोजक्या पण मोठ्या छिद्रांचे घेतले. त्यांनी बादली चार मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, आणि धार अंगाला जाणवण्याइतकी. त्यांच्यामागे साखळीचा कॉक बसवला, म्हणजे ओढली तर पाणी, सोडली तर बंद. साबण लावताना पाणी वाहत नाही. मात्र असा कॉक गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सरच्या पुढे बसवला की बंद असताना गरम पाणी थंडाच्या लाइनीत शिरू शकते, म्हणून दोन्ही लाइनींवर उलटे पाणी अडवणारे व्हॉल्व्ह घातले. तेही झडपेचे, कारण स्प्रिंगचे व्हॉल्व्ह उघडायलाच इतक्या कमी दाबातला बराच भाग खर्ची पडतो.

जुलैत मी मुद्दाम पुन्हा गेले, कारण तिथला दुसरा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. मे महिन्यात ऊन भरपूर आणि पाणी नाही. जुलैत पाणी उदंड आणि कित्येक दिवस सूर्यच दिसत नाही. तेव्हा सोलर थंड पडतो आणि तांब्याचा बंब पेटवावा लागतो, म्हणून तेच कमी पाणी तेव्हा सरपण वाचवते. गॅस गीझर स्वस्त पडेल असे त्याला कोणीतरी सुचवले होते. कोंदट न्हाणीघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, म्हणून मी ते स्पष्ट नाकारले.

प्रत्येक न्हाणीघरातले बादली-मग मात्र आम्ही तसेच ठेवले आहेत. सकाळी धुक्यात मी स्वतः अंघोळ केली, तेव्हा साखळी ओढल्यावर अर्धा मगही भरला नव्हता तोच पाणी ऊन आले. बाहेर काकू शेगडीपाशी बसल्या होत्या. भांड्यांना पाणी कुठून आणता आता, असे विचारले, तर त्यांनी पागोळ्यांखाली मांडलेल्या बादल्यांकडे बोट दाखवले.