हेल मेरी: मटका की मेहनत?

हेल मेरी म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये सामना संपताना देवाचं नाव घेऊन लांबवर फेकलेला शेवटचा पास. 27 ऑक्टोबर 2024. शेवटचे दोन सेकंद, एंड झोन (मैदानाच्या टोकाचा पट्टा, जिथे झेल घेतला की गुण मिळतात) 52 यार्डांवर. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सने बॉल उंच फेकला, शिकागोच्या घोळक्यात तो कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि मागे मोकळ्या उभ्या असलेल्या नोआ ब्राऊनच्या हातात अलगद पडला. 12-15 ने मागे असलेला संघ 18-15 ने जिंकला. 'मटका लागला' म्हणून सगळे मोकळे झाले.

तो व्हिडिओ परत लावा, पण या वेळी बॉलकडे बघू नका.

डॅनियल्स जवळपास 13 सेकंद बॉल घेऊन इकडून तिकडे पळत होता. घाबरून नव्हे. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे गडी, एंड झोनपाशी पोचायच्या आत फेकलं तर बॉल आधी जातो आणि माणसं मागून येतात. शिवाय 52 यार्ड मोजले जातात ती चाल सुरू झाली त्या रेषेपासून. त्याने फेकलं त्याच्या बरंच मागून, म्हणजे हवेतलं अंतर साठच्या पुढे.

आता ब्राऊन. अशा वेळी सगळ्यांनी उडी मारायची नसते. उंच गडी मधोमध उडी घेतो, एकजण पुढे आखूड पडणाऱ्या बॉलसाठी आणि एकजण घोळक्याच्या मागे. बोटांना निसटता लागलेला बॉल बहुतेकदा आपल्याच वेगात पुढे सरकतो, म्हणून मागचा माणूस महत्त्वाचा. बचावाचा नियम तर अगदी सोपा: झेल घ्यायचा नाही, जमिनीवर आपटायचा. पण शिकागोच्या टायरिक स्टीव्हनसनच्या हाताला लागून बॉल वर उडाला. त्याआधी ही चाल सुरू झाली तेव्हा हेच महाशय प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होते. याला नशीब म्हणायचं? मला तर शुद्ध ढिलाई वाटते.

नशीब उरतं ते एवढंच: बोटांना लागल्यावर बॉल डावीकडे जाणार की उजवीकडे.

खारघर-सीवूड्सकडे फ्लॅग फुटबॉल (गड्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढायची, असा याच खेळाचा प्रकार) खेळणाऱ्यांनी हा सराव जरूर करावा. पाच गडी, 50 यार्डांचं मैदान, धक्काबुक्कीला बंदी, त्यामुळे जागा धरण्यालाच किंमत. 25 यार्डांवरून वीस बॉल फेका, मधल्याने मुद्दाम फक्त बोटं लावायची, मागच्याने उचलायचा. पहिल्या पाच-सहा वेळा मागचाही हमखास पुढे धावतो, कारण डोळे बॉलवर असतात. त्याला दोन पावलं मागे राहायला लावा. आणि दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटलं की समोरच्या वाऱ्यात बॉलचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जरा खाली ठेवून फेका. नाक वर राहिलं तर बॉल तरंगतो, आखूड पडतो आणि मागचा माणूस नुसता उभाच राहतो.