वीज जाण्यापेक्षा वीज येण्याची काळजी

दापोली तालुक्यातले आमचे घर वर्षातले जवळजवळ दहा महिने बंद असते. आम्ही पुण्यात राहतो. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातला एखादा आठवडा सोडला, तर घराची किल्ली शेजारच्या काकांकडे असते आणि घराची रोजची कामे माजघरातल्या कोनाड्यात बसवलेल्या रास्पबेरी पाय (थोडक्यात 'पाय') नावाच्या एका छोट्या संगणकाकडे. त्याच्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे सांभाळणारे सॉफ्टवेअर चालते. परसातल्या हापूसच्या नव्या कलमांना आणि सुपारीच्या रोपांना ठिबकने पाणी सोडणे, विहिरीवरचा पंप वेळेवर बंद करणे, तिन्हीसांजेला ओटीवरचा दिवा लावणे आणि रात्री साडेदहाला मालवणे, एवढीच त्याची जबाबदारी आहे. वीज असेल तोपर्यंत हे काम अगदी बिनबोभाट चालते. कोकणात मात्र मे महिन्याच्या मध्यापासून वीज असेलच असे गृहीत धरता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि पंप चालू असतानाच वीज गेली. ती रात्री केव्हातरी आली, पुन्हा गेली, चार-पाच वेळा असा खेळ झाल्यावर एकदाची टिकली. पंपाच्या काँटॅक्टरला (मोटरचा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) चालवणारा छोटा वायफाय रिले, म्हणजे वायफायवरून चालणारा स्विच, वीज येताच काही सेकंदांत जागा झाला, आपण मघाशी चालू होतो हे त्याला नीट आठवले आणि त्याने पंप पुन्हा सुरू केला. तो बंद करण्याचा हुकूम पायकडून यायचा होता. पण होम असिस्टंट आपल्या नोंदी दर पाच सेकंदांनी साठवत असते, त्यातलीच एखादी लिहिली जात असताना वीज गेली असावी, कारण मेमरी कार्ड खराब होऊन पाय सुरू होतानाच अडकून बसला होता. सकाळी काकांचा फोन आला, "अरे, तुझ्या पंपाचा आवाज काही बरा येत नाही हो." मे महिन्यातल्या विहिरीत पाणी ते किती असणार? ते रात्रीतच संपले होते आणि पंप कोरडा फिरून त्याचे सील जळाले होते.

तोपर्यंत मी सगळा विचार वीज गेल्यावर काय होईल याचाच केला होता. बॅटरी किती तासांची घ्यावी, इन्व्हर्टर कोणता घ्यावा, यांचे हिशेब वहीत तयार होते. वीज आल्यावर घरातली कोणती वस्तू काय करील, हा प्रश्न मी एकाही वस्तूला विचारला नव्हता. खरे तर शेतीपंप चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला तो जन्मापासून माहीत असतो. पंपाच्या साध्या स्टार्टरमधली कॉइल वीज जाताच सुटते आणि वीज आल्यावर कोणीतरी जाऊन हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. वीज रात्री दोन वाजता येते म्हणून शेतकरी त्याला ऑटो स्विच लावतात. मग वीज येताच एका डीपीवरच्या (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी भार ओढतात, डीपीला ते झेपत नाही, आणि म्हणून ऑटो स्विच काढून टाका असे आवाहन महावितरण वारंवार करत असते. माझ्या रिलेने त्या रात्री केले ते याच जातीचे काम होते.

त्यामुळे पहिला बदल पैसे न लागणारा होता. त्या रिलेवर टास्मोटा नावाचे सॉफ्टवेअर आहे आणि त्यात वीज आल्यावरची स्थिती ठरवणारी 'पॉवरऑनस्टेट' नावाची आज्ञा आहे. तिचा मूळ आकडा ३ असतो, म्हणजे आधी जसे होते तसे. पंपासाठी मी तो ० केला, म्हणजे काहीही झाले तरी बंद. दुसरी आज्ञा 'पल्सटाइम'. ती २५०० ठेवली की (यातून १०० वजा करायचे, उरतात ते सेकंद) रिले चालू झाल्यापासून चाळीस मिनिटांनी आपला आपण बंद होतो; पाय मेलेला असो, वायफाय गेलेले असो, त्याला कोणाच्या हुकमाची गरज उरत नाही. धोक्याचे यंत्र बंद करण्याचे काम दुसऱ्या यंत्रावर सोपवू नये, हे मला जळालेल्या सीलने शिकवले. शिवाय पंपाला आता कोरडा चालू न देणारे ड्राय रन प्रिव्हेंटरही बसवले आहे, जे खरे तर पहिल्या दिवशीच बसवायला हवे होते.

टास्मोटाची आणखी एक खोड कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवावी. थोड्या थोड्या सेकंदांच्या अंतराने लागोपाठ सात वेळा वीज गेली-आली, तर ते यंत्र मालकच मुद्दाम तसे करतो आहे असे समजून सगळी मांडणी पुसून टाकते, अगदी वायफायचा पासवर्डसुद्धा. अडकलेले यंत्र मोकळे करण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण वादळी संध्याकाळी आमच्याकडची वीज हाच प्रकार कोणी न सांगता करते. 'सेटऑप्शन६५' १ केले की ही सोय बंद होते. बऱ्याच स्मार्ट दिव्यांनाही अशीच सवय असते. शिवाय त्यांतले कित्येक दिवे वीज आल्यावर पूर्ण प्रकाशाने उजळतात, त्यामुळे पहाटे तीन वाजता बंद घर लग्नघरासारखे दिसू लागते. मी बंद घरातले स्मार्ट दिवे काढून साधे लावले आणि स्मार्ट केली ती फक्त बटणे.

मग घड्याळाची गंमत. पाय ४ मध्ये स्वतःचे चालू राहणारे घड्याळ नसते. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. रात्री नऊला वीज गेली, सकाळी सहाला आली आणि इंटरनेट आलेच नाही, तर तो बंद पडतानाची वेळ धरूनच पुढे चालू लागतो. त्याच्या लेखी तेव्हा रात्रीचे नऊच वाजलेले असतात, म्हणून ओटीवरचा दिवा लख्ख उन्हात चालू राहतो आणि सकाळचे ठिबक टळटळीत दुपारी सुटते. डीएस३२३१ नावाचे बोटाच्या पेराएवढे घड्याळ, नाण्यासारख्या बॅटरीसह, त्याच्या पिनांवर बसवले आणि हा प्रश्न मिटला. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी (अधिक टिकाऊ डिस्क) लावली, हे वेगळे सांगायला नकोच.

आता बॅटरीविषयी. घरात एक इन्व्हर्टर होता, १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीसह. कागदावर तिच्यात १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरावेत हे बॅटरीच्या आयुष्यासाठी बरे. पाय, राउटर आणि फायबरचा डबा मिळून जेमतेम २० वॅट घेतात. पण इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठीच जवळजवळ तेवढेच खातो. म्हणजे हमालाची मजुरी मालाइतकीच. त्यातून आमच्याकडे संध्याकाळी दाब १६० व्होल्टपर्यंत उतरतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला तर साधारण १८० व्होल्टच्या खाली तो वीज गेली असे समजून रोज तिन्हीसांजेला बॅटरीवर जातो. साध्या मोडवर ठेवला तर १०० व्होल्टपर्यंत तग धरतो, पण बदलताना इतका वेळ घेतो की राउटर झोपून पुन्हा उठतो. बरेच दिवस मी हा मोड की तो मोड असे करत होतो, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी काकांना त्रास देत होतो.

शेवटी या तीन वस्तू इन्व्हर्टरवरून काढल्याच. राउटर आणि फायबरचा डबा मुळात १२ व्होल्टवर चालतात आणि पायला ५ व्होल्ट पुरतात, तर मग बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करून पुन्हा ॲडॉप्टरमधून १२ करण्याचा द्राविडी प्राणायाम कशासाठी? १२.८ व्होल्टची ३० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, तिचा चार्जर, १२ व्होल्टचे आणि ५ व्होल्टचे असे दोन कन्व्हर्टर एवढ्यावर आता सतरा तास निघतात. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावे आठवडे-आठवडे अंधारात होती. तसे पुन्हा झाले तर कोणतीच बॅटरी पुरणार नाही, हे मी मान्य करून टाकले आहे. त्या वेळी घराने शांतपणे बंद पडावे आणि वीज आल्यावर आपोआप उठावे, एवढेच मागणे आहे.

यातले 'आपोआप उठावे' हे सर्वांत अवघड निघाले. बॅटरी उतरत आली की पायने नीट आवरून बंद व्हावे, अशी व्यवस्था मी मोठ्या हौसेने केली होती. एकदा तो तसा बंद झाला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज आली. पायचा पुरवठा एक क्षणही तुटला नव्हता, त्यामुळे पुन्हा सुरू व्हायचे त्याला कारणच मिळाले नाही. राउटर चालू, चार्जर चालू, आणि पाय झोपलेला, असे बारा दिवस गेले. आता एक छोटे ईएसपी८२६६ (वायफाय असलेली चिमुकली चिप) फक्त पहारा देते: पंधरा मिनिटे पायचा आवाज आला नाही आणि घरात वीज आहे, तर ते पायचा पुरवठा दहा सेकंद तोडून पुन्हा जोडते. आधी मी पाचच मिनिटे ठेवली होती. मोठे अपडेट चालू असताना त्याने पायची मान मुरगाळली, तेव्हा ती पंधरा केली.

वीज आहे की नाही हे बॅटरीवरच्या वस्तूंना कळत नाही, म्हणून मोबाईलचा एक जुना चार्जर थेट घरच्या लाइनवर लावून त्याच्यावर दुसरे ईएसपी चालवले आहे. ते नेटवर्कवरून मिनिटभर नाहीसे झाले, म्हणजे वीज गेली. पण मला पुण्यात कळण्यासाठी एवढ्यावर भागत नाही, कारण आपल्या घरात बॅटरी असली तरी वाटेवरच्या फायबरच्या पेटीत आणि मोबाईल टॉवरवर ती किती वेळ टिकेल हे आपल्या हातात नसते. म्हणून निरोप उलटा ठेवला. घर दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरला 'आहे' म्हणते, आणि वीस मिनिटे ते काही बोलले नाही की तो सर्व्हर मला टेलिग्रामवर कळवतो.

गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी विसर्जन आटोपल्यावर मी मेन स्विच खाली केला आणि घरच्यांना तासभर कशालाही हात लावू नका असे सांगितले. आईचा मिक्सर नेमका चटणीच्या मध्यावर थांबला होता, त्यामुळे पुढचा तासभर माझ्याशी कोणी फारसे बोललेच नाही. त्या एका तासात मात्र दोन चुका सापडल्या, ज्या पुण्यात बसून मला वर्षभरात सापडल्या नसत्या.

काकांची एक सवय मी बरीच वर्षे मोडायला पाहत होतो. आकाशात वीज कडाडू लागली की ते आमच्या घरात जाऊन मेन उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी आठवण झाली तर वर करतात. ते करतात ते योग्यच आहे. त्या पावसात कोणाचा टीव्ही जळतो, कोणाचा राउटर. मागच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला, "मेन उतरवलाय हो, मग नाही म्हणून ओरडू नकोस." मी म्हटले, "काका, खुशाल उतरवा, हवा तर दोन दिवस ठेवा." त्यांना ते थोडे संशयास्पद वाटले असावे. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी मेन वर केला, चार वाजून सहा मिनिटांनी चार्जरवरच्या ईएसपीचा निरोप आला, आणि पंप बंद होता.