आमच्या अ‍ॅनिमे क्लबने अजून एकही आख्खा भाग पाहिलेला नाही

"मॅडम, फक्त एक सही हवी आहे."

इतकी वर्षं शाळेत काढल्यावर हे वाक्य ऐकलं की पेन पर्समध्ये टाकून पळ काढावा, एवढी अक्कल मला यायला हवी होती. नववीतल्या दोघी स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. हातात अर्ज. 'अ‍ॅनिमे क्लब, दर शुक्रवारी शेवटचा तास, मार्गदर्शक शिक्षक' आणि त्यापुढे रिकामी रेघ. मी गणित शिकवते. अ‍ॅनिमे म्हणजे मोठ्या डोळ्यांची कार्टूनं, एवढंच माझं ज्ञान, आणि ते मी बोलूनही दाखवलं. त्यातल्या बुटकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला शून्याने भागायला सांगितलं होतं.

"चित्रकलेच्या सरांना विचारलंत का?"

"विचारलं. ते म्हणाले, त्यात चित्रकला कुठे असते."

हे का खटकलं माहीत नाही, पण खटकलं. सही केली.

अर्ज दोन दिवसांत परत आला, कारण 'उद्दिष्ट' या रकान्यात पोरींनी 'मजा' असं लिहिलं होतं. प्रामाणिकपणा कुठे दाखवू नये याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. "मॅडम, 'एइझोकेन'मध्ये ना, तिघींना शाळेत अ‍ॅनिमे बनवायचं असतं. पण एकीच्या आईबाबांनी तिला अ‍ॅनिमे क्लबमध्ये जायला मनाई केलेली असते. मग त्या फिल्म क्लब म्हणून नाव नोंदवतात. आपण पण तसंच करूया?" मालिका खरी आहे, २०२० सालची, बारा भागांची. मी म्हटलं, लपवाछपवी नको. नाव अ‍ॅनिमे क्लबच राहू दे, उद्दिष्टात लिहा, 'हलती चित्रं कशी तयार होतात याचा अभ्यास'. मुख्याध्यापक सरांची सही मिळावी म्हणून मारलेली थाप होती ती. पुढे तीच आमच्या गळ्यात पडली.

पहिल्या शुक्रवारी एकेचाळीस मुलं आली. शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणली, पडदे लावले, प्रोजेक्टर सुरू झाला. कुणाच्या तरी दादाच्या अकाउंटवरून एक गाजलेली मालिका लावली. सुरुवातीचं गाणं लागलं आणि अख्खा वर्ग जपानी भाषेत गायला लागला. शब्दांचा अर्थ एकालाही माहीत नसावा. ही गाणी साधारण दीड मिनिटाची असतात. ते दीड मिनिट संपायच्या आत ग्रंथपाल मॅडम दारात.

"हे घरचं सबस्क्रिप्शन आहे ना? ते घरात बघण्यापुरतं असतं. चाळीस जणांना दाखवायचं तर प्रदर्शनाचे हक्क लागतात."

मी त्यांच्याशी वाद घालणार होते, पण अटी वाचल्या आणि गप्प बसले. नमनालाच घडाभर तेल. प्रोजेक्टर बंद झाला. वितरकाला पत्र पाठवलं आहे, उत्तराची वाट बघतोय. (क्लब काढायच्या विचारात असलेल्या कुणाही शिक्षकाला माझा पहिला सल्ला हाच: आधी हे विचारून घ्या. अभ्यासासाठी छोटा तुकडा दाखवणं आणि करमणुकीसाठी आख्खा भाग लावणं यात कायदा फरक करू शकतो, आणि तो देशोदेशी वेगळा असतो.) ग्रंथपाल मॅडमशी बसून ठरवलं की बघायचं ते ज्याने त्याने घरी, रीतसर. क्लबमध्ये फक्त बोलायचं, आणि लागलाच तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा.

दुसऱ्या शुक्रवारी सोळा आले, तिसऱ्या अकरा.

आणि ते अकराही काय बोलत होते? हा जिंकेल की तो जिंकेल. अख्खा तास एवढंच. मी मागे बसून चाचणीचे पेपर तपासत होते आणि मनातल्या मनात क्लबच्या निधनाची तारीख ठरवत होते.

चौथ्या शुक्रवारी तुकडा लावताना लॅपटॉप अडकला. एक मुलगा खिडकीशी उभा राहून कुणाशी तरी बोलतोय, असं दृश्य. ते पुढे जाईना म्हणून बुटकी बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे नेत होती. आणि एकदम म्हणाली, "अरे, याचं फक्त तोंड हलतंय."

सगळे पुढे सरकले. मीसुद्धा, लाल पेन हातात तसंच. केस हलत नव्हते, खांदे हलत नव्हते, डोळेही स्थिर. ओठांच्या तीनच आकृत्या: मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. त्याच आलटून पालटून. नऊ सेकंदांचा भावुक संवाद, त्यात चेहरा एकच.

"म्हणजे आळस केला त्यांनी," एक जण म्हणाला. त्याचा आवडता सीन होता तो. बिचारा दुखावला होता.

आता गणिताच्या बाईला राहवतंय होय? मी फळ्यावर गेले. टीव्हीवरचा भाग साधारण चोवीस मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वजा केलं की उरतात एकवीस, म्हणजे १,२६० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम. गुणाकार करा: ३०,२४०. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं तर एका भागाला तीस हजारांवर चित्रं, आणि पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. म्हणून एकच चित्र दोन फ्रेम धरतात, बऱ्याचदा तीन. तीन धरलं तर सेकंदाला आठच चित्रं, तरी आकडा १०,०८० येतो. तो आणखी खाली आणायचा तर बोलताना तोंडच हलवायचं, आकाशावरून कॅमेरा संथ सरकवायचा, जुनं चित्र पुन्हा वापरायचं.

ही काटकसर जुनी आहे. ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर सुरू झाली, तीही दर आठवड्याला, तुटपुंज्या पैशांत. या सगळ्या युक्त्या तिथे सर्रास वापरलेल्या आहेत. हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. कशाला वाचलं होतं, ते विचारू नका.

"म्हणजे आळस नाही," खिडकीजवळून आवाज आला. "चित्रं वाचवली. पुढे तो छपरावरून उडी मारतो ना, तिथे खर्च केली."

तुकडा पुढे नेला. खरंच. उडीत प्रत्येक चित्र वेगळं, कोटाची घडीसुद्धा प्रत्येक चित्रात निराळी. घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही.

खिडकीजवळून बोलणारा तो मुलगा, त्याच्याबद्दल मला लिहायलाच हवं. पहिले तीन शुक्रवार त्याने तोंड उघडलं नव्हतं. आमच्याकडे सुरुवातीपासून एक भांडण चालू होतं, सबटायटल की डब. सबटायटलवाल्यांचा तोरा असा, की डब बघणारे खरे चाहतेच नव्हेत. मलाही तो वाद गमतीचा वाटायचा, एकदोनदा मीच काडी टाकली. नंतर कळलं, या पोराला वाचायला वेळ लागतो. ओळ वाचून होईपर्यंत ती पडद्यावरून गेलेली असते. तो सगळं डबमध्येच बघतो आणि क्लबमध्ये ते कबूल करायची त्याला लाज वाटत होती. मी त्याला वर्षभर शिकवतेय. शाब्दिक उदाहरणं तो का सोडून देतो, हे मला क्लबमध्ये कळावं, यात माझी शोभा नाही. मी भांडण बंद केलं. आता तुकडा लावला की आधी आवाज बंद करून बघतो, मग सगळेच समान.

निवडीचा एकच नियम आहे: सुचवलेलं आधी मी पूर्ण बघणार. 'माय नेबर टोटोरो' सर्वांना आवडला म्हणून एकीने त्याच स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सुचवला. "दोन्ही एकाच दिवशी आले होते मॅडम, जोडीने दाखवायचे." हे खरं आहे, १६ एप्रिल १९८८. पण एकात वनात राहणारा गुबगुबीत प्राणी आणि दुसऱ्यात युद्धात पोरकी झालेली भावंडं. रात्री अकरा वाजता मी स्वयंपाकघरात एकटी हुंदके देत होते. आठवी-नववीच्या मुलांना तो बघायला सांगून घरी एकटं सोडणार नाही. हक्क मिळाले तर शाळेत, सगळे मिळून, आणि नंतर बोलायला पूर्ण तास ठेवून.

सध्या आम्ही एक सेकंद बनवतोय. एका मुलीने मान डावीकडून उजवीकडे वळवायची, एवढंच. एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे बारा चित्रं. पहिलं, शेवटचं आणि मधलं एक बुटकीने काढलं. अशा मुख्य चित्रांना जपानीत 'गेंगा' म्हणतात आणि मधल्या भरणीच्या चित्रांना 'दोगा'. ती नऊ बाकीच्यांनी वाटून घेतली. कागद खिडकीच्या काचेवर धरून, खालच्या चित्राची रेघ उजेडात बघत. मान वळवणं सोपं वाटतं. नाक नेमकं कधी गालाच्या पलीकडे जातं, यावर वीस मिनिटं वाद झाला आणि शेवटी मलाच खुर्चीवर बसवून हळूहळू मान फिरवायला लावली.

चित्रकलेचे सर व्हरांड्यातून जाताना थांबले. काही बोलले नाहीत. कानाच्या जागेवर बोट ठेवलं, "हा वर गेलाय", आणि निघून गेले. खरंच वर गेला होता.

बाराही कागदांचे फोटो काढून लॅपटॉपवर लावले. एक सेकंद. मुलगी मान वळवते. चाळीसेक वेळा बघितलं असेल. सातव्या चित्रात तिचा चेहरा क्षणभर सुजल्यासारखा होतो. ते चित्र खिडकीजवळच्या मुलाचं. बदलायचं का, यावर त्यानेच मतदान मागितलं. बदलायच्या बाजूने चार, तसंच ठेवायच्या बाजूने सात. त्याचं स्वतःचं मत बदलायच्या बाजूने होतं.

चित्र राहिलं. पुढच्या शुक्रवारी तिची मान परत डावीकडे आणायची आहे. बुटकी म्हणते, हीच चित्रं उलट क्रमाने लावली की झालं, नवं काही काढायलाच नको.