डीव्हीडी ड्राइव्ह दिसेना, म्हणून बायोसमध्ये शिरलो

काकांच्या कमरेचा एमआरआय बेळगावात झाला आणि रिपोर्टसोबत सीडी हातात आली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, आधी सीडीतल्या फाइली पाठवा, मग पेशंटला आणा. आता सीडी घालायची कशात? हल्लीच्या लॅपटॉपना ती सोयच नसते. टिळकवाडीतल्या आमच्या घरी एक जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, डीव्हीडी रायटरवाला. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, दिवाही लागतो. पण विंडोजमध्ये बघावं तर सी आणि डी, बस्स. डीव्हीडीचा पत्ताच नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ड्रायव्हर परत टाकूया की." म्हणजे विंडोजला ड्राइव्ह चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. ओळखीच्या दुकानदाराला फोन केला, तर गिऱ्हाइकांच्या गडबडीत कानडीत "केबल तगदु हाक्री" (केबल काढून घाला) एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. दोघांत बरोबर कोण, हे ठरवायची जागा एकच. विंडोज सुरू व्हायच्या आधी मदरबोर्ड जोडलेल्या वस्तूंची हजेरी घेतो आणि ती बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसते. तिथे ड्राइव्हचं नाव असेल तर घोळ विंडोजमध्ये. नसेल तर केबल, पोर्ट, बंद करून ठेवलेली सेटिंग नाहीतर ड्राइव्हच गेलेला. हे बघितल्याशिवाय ड्रायव्हर, रजिस्ट्री असल्या भानगडीत पडूच नये.

पण बायोसमध्ये शिरणं हेच दिव्य. डेलला बहुतेक एफ२, एचपीला एफ१०. आमच्या बोर्डाला डिलीट. पीसी चालू केल्या केल्या ती की टकटक दाबत राहायची. मी दाबतोय आणि समोर विंडोजचा लोगो हजर! नव्या मशीनवर शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं की यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) सेटिंगचा पर्याय मिळतो. आमच्या जुन्या बायोसला तो कुठला? शेवटी लक्ष गेलं कीबोर्डकडे. विंडोज येईपर्यंत त्याचा दिवाच लागत नव्हता. काही जुन्या बोर्डांत यूएसबी कीबोर्डची सेटिंग बंद असली की असं होतं. माळ्यावरून गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड काढला, पीसी पूर्ण बंद करून लावला (चालू मशीनला ही पिन लावू नये) आणि पहिल्या टकटकीलाच निळा पडदा उघडला.

साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्क आणि डीव्हीडी जोडायच्या पोर्टांच्या, यादीत हार्ड डिस्कचं नाव होतं, बाकी सगळीकडे 'नॉट डिटेक्टेड'. पोर्ट चालू होते. म्हणजे विंडोजची सुटका झाली. भाच्याचं बोट 'आयडीई'वरून 'एएचसीआय'कडे, म्हणजे डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीकडे, निघालं होतं, ते तिथेच धरलं. आधीची विंडोज तशी तयारी न करता हे बदललं तर सुरूच न होता निळी स्क्रीन दाखवू शकते. तारीखही भलतीच जुनी दिसत होती, म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला. वीज गेली की घड्याळ आणि सेटिंग दोन्ही विसरणार.

काही सेव्ह न करता बाहेर पडलो, वायर काढली, डबा उघडला. ट्रे उघडतोय म्हणजे वीज पोचतेय. संशय उरला तो बारीक डेटा केबलवर. तिच्या टोकाला धरून ठेवणारी क्लिप नव्हती, बोट लावलं तरी हलत होती. खडेबाजारातून क्लिपची केबल आणि नवा सेल आणला. दोन्ही बसवून परत डिलीट दाबलं, तर यादीत ड्राइव्हचं नाव, मॉडेलसकट! तारीख दुरुस्त केली, यूएसबी कीबोर्डची सेटिंग चालू केली, एफ१० दाबून सेव्ह.

सीडी मात्र आख्खी कॉपी करावी, नुसते फोटो उचलू नयेत. डायकॉम (एमआरआयसारख्या स्कॅनच्या) फाइलींना बहुतेकदा एक्स्टेन्शनच नसतं, त्या बिनकामाच्या वाटून राहून जातात. सगळं फोल्डर झिप करून मिरजेला पाठवलं. संध्याकाळी निरोप आला: उघडलं, सोमवारी घेऊन या.